घामाच्या पैशाचे इस्पितळ

मुलुंड, कांदिवली आणि अंधेरी या मुंबईच्या तीन उपनगरांत एकेक मोठे इस्पितळ आहे. मुलुंडचे लालबहादूर शास्त्री मार्गावर, कांदिवलीचे पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर आणि अंधेरीचे मरोळच्या एमआयडीसीत. राजावाडी, कूपर किंवा भगवती ही महापालिकेची रुग्णालये येईल त्याला केसपेपर देतात. या तीन इस्पितळांत मात्र आधी विमा क्रमांक विचारला जातो. ज्याच्या पगारातून दर महिन्याला काही रक्कम कापली गेली, त्या कामगाराची आणि त्याच्या घरच्यांची ही इस्पितळे. कागदोपत्री नाव ‘राज्य कामगार विमा योजना’ असले, तरी लोकांच्या तोंडी ‘ईएसआयचं हॉस्पिटल’ किंवा ‘कामगार हॉस्पिटल’ हेच नाव आहे.

स्वतंत्र भारताच्या केंद्र सरकारने आरोग्यासाठी केलेल्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक कायदा या इस्पितळांच्या पाठीशी आहे. तो कसा झाला, मुंबईत कसा उतरला, उपनगरांत कसा रुजला आणि पुढे त्याची वाताहत का झाली, हे आज सांगायला हवे. केंद्राच्या नव्या आरोग्य योजनांची चर्चा रोज होते. पण कामगाराने स्वतःच्या पैशाने उभ्या केलेल्या या सर्वांत जुन्या योजनेचा अनुभव त्या चर्चेत क्वचितच येतो.

आजारी पडला की गावी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचा गिरणी कामगार आजारी पडला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असत. सावकाराकडून कर्ज काढायचे, नाहीतर कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परतायचे. खाडा झाला की पगार बुडे आणि आजार लांबला की बदली कामगार त्याची जागा घेई. १९२३ च्या कायद्याने कामावरच्या अपघातासाठी भरपाई मिळू लागली होती. क्षय, हिवताप, विषमज्वर यांची भरपाई मात्र कोणीच देत नव्हते.

आधी प्रश्न पुढे आला तो बाळंतिणींचा. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूतीलाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. कामगाराचे आरोग्य ही त्याच्या एकट्याची खासगी बाब नाही, हा विचार मुंबईच्या विधिमंडळात असा नोंदला गेला.

१९३१ मध्ये कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने आजारपणाच्या विम्याचा विषय काढला. प्रांतिक सरकारे पैशाचे कारण सांगून मागे सरली. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या कापड कामगार चौकशी समितीने सक्तीच्या आरोग्यविम्याची शिफारस केली. या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. समितीचा अंतिम अहवाल १९४० चा. तोवर महायुद्ध सुरू झाले होते.

आडारकरांचा आराखडा

जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, केंद्र सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे एक काम सोपवले: औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करा. नुकताच, डिसेंबर १९४२ मध्ये, इंग्लंडमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा गाजलेला अहवाल आला होता. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी आपला अहवाल दिला. या कामामुळे त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटले जाऊ लागले.

आडारकरांची योजना सक्तीची होती आणि तिला मालक व कामगार दोघांनीही वर्गणी द्यायची होती. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांतले कारखाने तिच्या कक्षेत येणार होते. १९४५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि आर. राव या तज्ज्ञांनी तिची तपासणी केली. अपघात, बाळंतपण आणि आजारपण यांना एकाच छत्राखाली आणा, आणि बारमाही चालणारे सगळे कारखाने घ्या, असे त्यांनी सुचवले. या दोन्ही सूचना दूरदृष्टीच्या होत्या.

त्यांची तिसरी सूचना अशी होती की पैशाचे लाभ आणि वैद्यकीय सेवा यांचा कारभार वेगळा ठेवावा. रोख रक्कम केंद्रीय संस्थेने द्यावी आणि दवाखाने-इस्पितळे प्रांतांनी चालवावीत. प्रांतांकडे सिव्हिल सर्जन, इस्पितळे आणि वैद्यकीय खाती आधीच होती, त्यामुळे त्या काळी हे सोयीचे वाटले असणार. पण याच सूचनेने या योजनेचे पुढचे सत्तर वर्षांचे भवितव्य ठरवले.

कानपूर ते मुंबई

केंद्रीय कायदेमंडळाने संमत केलेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९ एप्रिल १९४८ रोजी झाला. जगजीवनराम तेव्हा मजूरमंत्री होते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा त्याच वर्षी ५ जुलैला सुरू झाली, म्हणजे आपल्या कायद्यानंतर अडीच महिन्यांनी. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, तिजोरी रिकामी असताना एका गरीब देशाने हे पाऊल उचलले, ही गोष्ट मोठी आहे.

कायदा झाला, तरी योजना सुरू व्हायला जवळजवळ चार वर्षे लागली. ज्या शहरात ती आधी येईल तिथल्या मालकांवर जादा बोजा पडेल आणि बाजारात ते मागे पडतील, अशी मालकांची तक्रार होती. म्हणून १९५१ मध्ये कायदा दुरुस्त झाला. जिथे योजना पोचली नव्हती तिथल्या मालकांनाही थोड्या कमी दराने विशेष वर्गणी द्यावी लागली. मग २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी दिल्लीतही ती सुरू झाली. दोन्ही शहरे मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार तिच्यात आले. मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

सुरुवातीला महिना ४०० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या कायद्याखाली येत. विजेवर किंवा इतर शक्तीवर चालणारे आणि वीस किंवा जास्त माणसे असलेले बारमाही कारखाने एवढीच योजनेची हद्द होती. आधी औषधोपचार फक्त कामगाराला मिळत. बायकामुलांना ते मिळायला नंतर काही वर्षे गेली.

पॅनेल डॉक्टर

कानपूरला सरकारी दवाखाने उघडले गेले. मुंबईत वेगळी वाट निवडली गेली. चाळीचाळीत खासगी डॉक्टर आधीच होते, तेव्हा त्यांनाच योजनेच्या यादीवर घ्यायचे ठरले. ब्रिटनमध्ये १९११ च्या विमा कायद्यापासून हीच पद्धत होती. कामगाराने आपल्या वस्तीतला एक पॅनेल डॉक्टर निवडायचा आणि योजनेने त्या डॉक्टरला डोईमागे वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची.

या पद्धतीचा फायदा खरा होता. रात्री ताप चढला, तर कामगाराला आपल्याच गल्लीत डॉक्टर मिळे, आणि तो डॉक्टर त्याचे घरदार ओळखत असे. तोटाही तितकाच खरा होता. डोईमागे रक्कम ठरलेली असल्याने रुग्णाला जास्त वेळ देण्यात डॉक्टरचा आर्थिक फायदा नव्हता. पुष्कळ कामगारांना दवाखान्यात जाण्याचे मुख्य कारण रजेचा दाखला हेच उरले. खोट्या दाखल्यांची तक्रार मालक करत आणि औषधांच्या तुटवड्याची तक्रार कामगार करत.

आजार मोठा असेल, तर पॅनेल डॉक्टर इस्पितळाची चिठ्ठी लिहून देई. गिरणगावातल्या कामगारासाठी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय होते. मात्र मुंबई उत्तरेकडे सरकू लागली, तशी तिकडेही कामगार इस्पितळांची गरज उभी राहिली.

आग्रा रोडवरची धुराडी

मुंबईत योजना सुरू झाली तेव्हा मुलुंड, कांदिवली आणि बोरिवली शहराच्या महापालिकेत नव्हती. १९५० मध्ये हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेकडे भांडुपपर्यंत गेली होती. १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. याच काळात उपनगरांत कारखाने उभे राहत होते. जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरात, विक्रोळीला गोदरेज, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला सिएट, जीकेडब्ल्यू आणि एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन, हेक्स्ट आणि रिचर्डसन अँड क्रुडास अशी रांग लागली. पवईत लार्सन अँड टुब्रो आले, कांदिवलीला आकुर्ली रस्त्यावर महिंद्र. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि अंधेरीच्या मरोळमध्ये त्याची वसाहत आकाराला आली. शेजारीच १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यातीसाठीचे औद्योगिक क्षेत्र सुरू झाले.

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कामगारांच्या वस्त्या वाढल्या. मुलुंड, कांदिवली आणि अंधेरीची इस्पितळे याच वस्तीसाठी, कारखान्यांच्या जवळ उभी राहिली. ती कोणाच्या देणगीतून झाली नाहीत. लेथवर उभा राहणारा फिटर, रंगाच्या टाक्या ढवळणारा मदतनीस आणि औषधाच्या बाटल्यांना लेबल लावणारी बाई यांच्या पगारातल्या पैशातून आणि मालकांच्या वर्गणीतून ती बांधली गेली.

तरीही उपनगरांतले सगळे श्रमिक या योजनेत नव्हते. घाटकोपर, विक्रोळी, पवई आणि भांडुपच्या टेकड्यांवर दगडखाणी होत्या. तिथे सुरुंग लागत, धूळ फुफ्फुसात जाई आणि हातपाय तुटत. पण खाण कायद्याखाली येणाऱ्या जागा या विम्याच्या व्याख्येतून वगळल्या होत्या. घाटकोपरला दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरकडे हेच खाणमजूर उपचारासाठी येत. त्यांची परिस्थिती पाहून तो डॉक्टर त्यांच्या संघटनेच्या कामात उतरला. हेच डॉ. दत्ता सामंत. १९८२ च्या गिरणी संपामुळे त्यांचे नाव देशभर झाले, पण त्यांची सुरुवात झाली ती कामगाराच्या आजारपणातून. कायद्याने जे बाहेर ठेवले होते, ते त्यांनी आपल्या दवाखान्यात बसून पाहिले होते.

दोन सरकारे, एक खाट

या योजनेच्या दुखण्याचे मूळ तिच्या रचनेत आहे. वर्गणी गोळा करते केंद्राचे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. त्याचे महाराष्ट्रातले प्रादेशिक कार्यालय लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर ‘पंचदीप भवना’त आहे. इस्पितळे मात्र कायद्यानुसार राज्य सरकारने चालवायची. खर्चाचे आठ भाग केले, तर सात महामंडळाचे आणि एक राज्याचा.

कागदावर ही वाटणी नीट दिसते. प्रत्यक्षात डॉक्टरांची भरती राज्याकडे, पैसे केंद्राकडे आणि त्या पैशांवर डोईमागे मर्यादा. राज्याने आधी खर्च करायचा आणि मग परतावा मागायचा. राज्याच्या अर्थसंकल्पात कामगार विमा योजनेचे काम नेहमी मागच्या रांगेत राहिले, कारण त्यात मते फिरवणारा नवेपणा नव्हता. डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या जागा रिकाम्या राहिल्या. यंत्रे आली तर चालवणारा नसे, चालवणारा असला तर दुरुस्तीची मंजुरी अडकलेली असे. कामगाराने तक्रार केली, की राज्य महामंडळाकडे बोट दाखवी आणि महामंडळ राज्याकडे. दरम्यान वर्गणी येतच राहिली आणि महामंडळाकडे मोठी गंगाजळी साठत गेली.

अशा वेळी कामगार काय करी? विमा क्रमांक खिशात असूनही तो राजावाडीच्या किंवा कूपरच्या रांगेत उभा राही. आपल्या पैशांनी बांधलेले इस्पितळ सोडून तो महापालिकेवर भार टाकी. ही त्याची चूक नव्हती. आजारी माणूस जिथे डॉक्टर भेटतो तिथेच जातो.

कारखाने गेले, कामगार राहिला

१९८० आणि १९९० च्या दशकांत उपनगरांचा चेहरा बदलला. काही कारखाने बंद पडले, काही मुंबईबाहेर गेले आणि आग्रा रोडच्या जमिनींवर मॉल, टॉवर आणि कार्यालये आली. जे मोठे कारखाने उरले, तिथल्या कायम कामगारांचे पगार संघटनांच्या करारांमुळे वाढले आणि विम्याच्या पगारमर्यादेवर गेले. ही मर्यादा सरकार मोठ्या खंडाने वाढवी. मे २०१० मध्ये ती १५ हजार झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार. मर्यादा ओलांडलेला कामगार योजनेतून बाहेर पडे. त्याच्याबरोबर व्यवस्थेला जाब विचारणारा संघटित आवाजही गेला.

पण कामगार नाहीसा झाला नाही. मॉलमधला सुरक्षारक्षक, कार्यालयाची साफसफाई करणारी बाई, गोदामातला हमाल, सीप्झमध्ये दागिने घडवणारा कारागीर, मरोळच्या छोट्या युनिटमधला वेल्डर हे सगळे कामगारच आहेत. त्यांतले बरेच कंत्राटदारामार्फत येतात आणि पगार मर्यादेत असल्याने योजनेत बसतात. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही पगारातून पैसे कापूनही कामगाराला विमा क्रमांक न देणारे कंत्राटदार असतात. आपली कपात कशासाठी होते हे ज्याला माहीत नाही, तो इस्पितळाच्या दाराशी कधी पोचतच नाही.

१७ डिसेंबर २०१८

२००० नंतर केंद्राने प्रत्येक राज्यात एक तरी इस्पितळ महामंडळाने स्वतः चालवायचे ठरवले. महाराष्ट्रात अंधेरीचे कामगार हॉस्पिटल महामंडळाकडे आले. पैसा आणि कारभार एकाच हातात आले, तर सुधारणा होईल, अशी अपेक्षा होती आणि ती रास्त होती.

१७ डिसेंबर २०१८ रोजी दुपारी या इस्पितळाला आग लागली. आवारात बांधकाम चालू होते. धूर वरच्या मजल्यांवर चढला. रुग्ण खिडक्यांशी येऊन मदतीसाठी हाका मारत होते आणि काहींनी उड्या घेतल्या. दहाहून अधिक जणांचा बळी गेला. मृतांत एक तान्हे बाळही होते. दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. अंतिम अग्निसुरक्षा परवानगी नव्हती, हे आगीनंतर पुढे आले.

त्या दिवसाची जबाबदारी कोणाची, हे शोधताना हीच रचना पुन्हा समोर आली. परिसर एमआयडीसीचा, इस्पितळ केंद्राच्या महामंडळाचे, बांधकाम केंद्र सरकारच्याच एका कंपनीकडे आणि आग विझवायला धावून आले ते महापालिकेचे अग्निशमन दल. चार यंत्रणा असूनही रुग्ण झोपलेल्या इमारतीतून सुटकेचा मार्ग सुरक्षित आहे की नाही, हे पाहणारी एकही नव्हती. आगीनंतर तिथली खाटांची सेवा दीर्घकाळ ठप्प राहिली. अंधेरी-मरोळच्या कामगाराला उपचारासाठी दूर जावे लागले, आणि त्याची वर्गणी मात्र दरमहा कापली जात होती.

आजचा हिशेब

१ जुलै २०१९ पासून वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आली. त्यात मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का. बदल्यात कायदा जे देतो ते कोणत्याही खासगी विम्यापेक्षा मोठे आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात. बाळंतपणाला २६ आठवडे रजेचा पगार मिळतो. कुटुंबासाठी उपचार आहेत. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला महिना दहा रुपयांत पती-पत्नी दोघांसाठी वैद्यकीय सेवा मिळते. पगार बुडत असताना घर चालवायला पैसे आणि बरे व्हायला औषध, ही दोन्ही एकत्र देणारी दुसरी योजना आपल्याकडे नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना इस्पितळात दाखल झाल्यावरचा खर्च देते. बुडालेला पगार ती भरून देत नाही.

राज्याने इस्पितळे चालवण्यासाठी वेगळी सोसायटी नेमली आहे. २०२४ मध्ये महामंडळाने नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना तत्त्वतः मान्यता दिली, त्या यादीत अंधेरीचे नाव आहे. १९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नव्या संहितेत विम्याचे क्षेत्र देशभर वाढवण्याची तरतूद आहे. हे सारे चांगले आहे. पण १९४५ मध्ये सुचवलेली पैसा आणि उपचार यांची फारकत मिटली नाही, तर नवी संहिताही जुन्याच वाटेने जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक कामगार इस्पितळाच्या दारावर एकच जबाबदार अधिकारी आणि एकच संस्था यांचे नाव असावे. रिकाम्या जागांची, औषधसाठ्याची आणि अग्निसुरक्षा परवानगीची माहिती तिथेच लोकांना वाचता येईल अशी लावावी. स्थानिक कामगार संघटनांना देखरेखीत जागा असावी. आणि वाचक हो, तुमच्या सोसायटीच्या रखवालदाराला, कार्यालयातल्या सफाई कामगाराला त्याचा विमा क्रमांक आहे का, हे एकदा विचारा. नसेल तर त्याच्या कंत्राटदाराला विचारा, आणि तुमची सोसायटी किंवा कंपनी मूळ मालक असेल, तर तो क्रमांक मिळवून देणे हे तुमचेच कर्तव्य आहे.